कबरीच्या पिल्लांना धुरी

त्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या परतूरच्या घरात दोन बाळंतिणी होत्या. एक माझी थोरली बहीण अक्का, पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. दुसरी आमची कबरी मांजर. अक्काची खाट माजघरात होती आणि कबरीनं शेजारच्या खोलीत, बाजारात न्यायला साठवलेल्या कापसाच्या ढिगात आपली सोय करून घेतली होती. तिचं अंथरूण अक्काच्या गादीपेक्षा भारी आहे, असं मी बोलून दाखवलं आणि आईचा धपाटा खाल्ला.

मी नऊ वर्षांची होते. बाळाजवळ नुसती सरकले तरी चारी बाजूंनी ओरडा व्हायचा. मग मीही ठरवलं, राहू दे तुमचं बाळ तुम्हाला, माझी बाळंतीण कबरी.

तिला तीन पिल्लं होती, डोळे मिटलेली, जेमतेम उंदराएवढी. रोज सकाळी सुईण यायची, तिला आम्ही मावशी म्हणायचो. ती बाळाला न्हाऊ घालायची, निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी द्यायची, शेवटी कपाळाला काजळाची तीट लावायची. मी ते सगळं बघून बघून तोंडपाठ केलं होतं. पिल्लं झाल्याच्या चौथ्या दिवशी कबरी बाहेर गेलेली पाहून मी पिल्लं सुपात घेतली, परसात नेली, खापरीत निखारे घालून त्यांना धुरी दिली आणि तिघांच्याही कपाळावर तीट लावली. पिल्लं शिंकली. बाळही असंच शिंकायचं, त्यामुळे मी भलतीच खूश झाले आणि पिल्लं जागच्या जागी ठेवून आले.

कबरी परत आली. एका पिल्लाला हुंगलं आणि मागं सरली. दुसऱ्याला हुंगून फिस्कारली आणि थेट कोपऱ्यातल्या धान्याच्या कणगीवर उडी मारून बसली. खाली पिल्लं माना हलवत तिला शोधत होती. मी तिला उचलून आणायला गेले तर तिनं हात बोचकारला. दुपार टळली तरी ती उतरेना आणि पिल्लांचा आवाज बारीक होत चालला. माझं धाबं दणाणलं. दूध मिळालं नाही तर ही मरणार आणि ते माझ्यामुळेच, एवढं मला कळत होतं. मी कोपऱ्यात बसून भोकाड पसरलं.

तेवढ्यात मावशी अक्काला शेक द्यायला आली.

“काहून रडून राह्यली गं?”

मी सगळं सांगून टाकलं आणि मार बसणार म्हणून डोळे मिटून घेतले. मावशी पोट धरून हसत सुटली.

“आगं येडे, तिच्या लेकरांचा वासच तू घालवलास की! आता तिनं वळखावं कसं?”

“मंग मरतील का ती?”

“बिलकुल न्हाई. जा, आधी राखेनं हात घास. जल्दी!”

मी हात घासून आले. कबरी जिथं निजायची तिथला कापूस मावशीनं ओंजळभर काढला. थोडा कोमट पाण्यात पिळून तिनं पिल्लांची तीट पुसली, मग कोरड्या कापसानं डोक्यापासून शेपटीपर्यंत हलकेच चोळलं. “ह्या कापसाला तिच्या अंगाचा वास हाय,” ती म्हणाली. “आता तिच्यापुढं हात धर. धरू नको तिला. आधी आईला इचारायचं, मंग लेकराला हात लावायचा.”

मी कणगीपाशी जाऊन हात वर धरला. बोचकारलेलं अजून चुरचुरत होतं. कबरीनं बोटं हुंगली, बराच वेळ हुंगली, मग गाल घासला. मी तिचा कान खाजवला आणि तोच हात, मावशीनं सांगितलं तसा, एका पिल्लाच्या पोटाखाली घालून त्याला नीट कापसात निजवलं. मग आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर जाऊन गप्प बसलो.

कबरी उतरली. तिनं एकेकाला हुंगलं, चाटलं आणि आडवी झाली. तिन्ही पिल्लं तिला बिलगून चुटूचुटू प्यायला लागली. मी आनंदानं किंचाळणार तोच मावशीनं माझं तोंड दाबलं.

दुसऱ्या दिवशी वडील गाडी भरायला आले. कापसात डोकावून बघितलं आणि गडीमाणसांना म्हणाले, “ही खोली राहू द्या. बाळंतीण हाय आत.” तो कापूस आमच्याकडे पौष उजाडेपर्यंत पडून राहिला.

पिल्लांचे डोळे उघडले त्या सुमाराला एका सकाळी मी उंबऱ्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. कबरी तोंडात एक पिल्लू धरून आली आणि ते तिनं माझ्या परकरावर ठेवलं. मग दुसरं आणलं. मग तिसरं. आणि मागं वळूनही न बघता परसाकडे निघून गेली. आईनं जेवायला दोनदा हाक मारली, पाय मुंग्या येऊन बधिर झाला, पण मी उठले नाही. कुणीतरी आपली लेकरं मला सांभाळायला दिली होती.