सव्वाबाराची नावं

डेलोरिस,

पास्टरने मला एक कोरं पान दिलंय. एकच. तुझं आयुष्य त्यात बसवायचं आणि शुक्रवारी तुझ्या दफनाआधी चर्चमध्ये उभं राहून वाचायचं. "आनंदाचं लिहा," असंही जाता जाता सांगून गेला. एकतीस वर्षांचा पोरगा, गावात येऊन त्याला दोन हिवाळे झाले. त्याला तू म्हणजे काठी टेकत तिसऱ्या बाकावर बसणारी एक म्हातारी. चव्वेचाळीस वर्षं रोज दुपारी सव्वाबाराला तू या तालुक्यातल्या मेलेल्यांची नावं वाचलीस, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. नॉर्वेतली आडनावं, जर्मन आडनावं, नदीपलीकडच्या त्या दोन युक्रेनियन घरांची सुद्धा, एकाही नावावर अडखळली नाहीस. जिवंतपणी ज्यांचं नाव कुणी धड उच्चारलं नाही, त्यांना मेल्यावर तरी तू नीट हाक मारलीस. आता यात आनंदाचं काय ते तूच सांग. आणि ती एक दुपार सोडून बाकीचं लिहायचं म्हटलं, तर ते पान तुझं राहत नाही.

एवढं लिहून मर्ना ओडेगार्डने पेन खाली ठेवलं. इतिहासाची मास्तरीण म्हणून तिने छत्तीस वर्षं मुलांच्या निबंधांवर लाल शाईने 'मुद्द्याचं लिहा' असं लिहिलं होतं. मुद्दा तिला ठाऊक होता. लिहवत नव्हता.

स्कारलंड गावाचं रेडिओ स्टेशन ऑरिन स्टॅडहाइमने काढलं, ते ट्रॅक्टर विकायला. दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट. बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, साखरबिटाच्या शेतात उभा केलेला मनोरा, आणि भिंतींना आवाज शोषायला ठोकलेली अंड्यांची पुठ्ठ्याची खोकी. रेडिओचा काटा अगदी शेवटाला नेला की लागायचं म्हणून लोक त्याला 'टोकाचं' म्हणत. पहाटे सहाला गहू, सूर्यफूल आणि गुरांचे भाव. सातला बातम्या आणि मग वाढदिवस. नऊला देवघेव: जुनं शिवणयंत्र, कोंबड्या, एकाच पायाचा बूट. एकदा एका शेतकऱ्याने फोन करून बायकोची व्यायामाची सायकल विकायला काढली, आणि त्याच घरातला दुसरा फोन उचलून बायकोने सगळ्या तालुक्याला ऐकवलं की सायकल विकायची नाहीये, नवरा देते, तोही घरपोच. दहाला गप्पांचा तास. त्यात पंचायतीचा पूल, गोवर, शाळेचा बास्केटबॉलचा नवा मास्तर, जे निघेल ते. बारा वाजता अग्निशमन केंद्राचा भोंगा, बातम्या, हवामान. आणि सव्वाबाराला ऑर्गनची तबकडी मिनिटभर वाजून हलकी व्हायची आणि नावं सुरू व्हायची.

डेलोरिस टॉफ्टे तिथे आली टंकलेखिका म्हणून, एकोणिसाव्या वर्षी. एके दिवशी निवेदकाची दाढ सुजली आणि ऑरिनने तिच्या हातात कागद कोंबला. "वाच. घाई करू नकोस. आणि रडू नकोस, रडायचं काम त्यांचं आहे." तिने वाचलं. दुपारी तीन बायकांचे फोन आले की यापुढे हिलाच वाचू द्या, तो दाढवाला गहू विकल्यासारखं वाचतो.

झालं. त्यानंतर ती सव्वाबाराला दुसरीकडे कुठे कधी नव्हतीच. फार्गो शहरातल्या एका विमावाल्याने तिला दोनदा मागणी घातली. माणूस भला होता, फक्त त्याला बायको फार्गोत हवी होती. मर्नाने तेव्हा तिला बजावलं होतं, "अगं, मेलेले थांबतील, हा थांबायचा नाही." थांबला नाहीच.

नावं वाचायचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. घरच्यांना कळल्याशिवाय नाव रेडिओवर जायचं नाही. आणि घरच्यांना कळलं हे कळायचं कसं, तर पावांवरून. माणूस गेला की डॉक्टर पास्टरला सांगायचा, पास्टर घरी जायचा, घरचे दिवस ठरवायचे, मग अंत्यसंस्कारवाला बेकरीत पावांची मागणी द्यायचा. चर्चच्या तळघरात दफनानंतरचं जेवण असतं, त्यात हॅमचे पाव लागतातच. बेकरीतली क्लॅरिस पीठ मळायला घ्यायच्या आधी स्टेशनला फोन करायची: "अमक्याचे बारा डझन, गुरुवारी." पाव सांगितले म्हणजे घरात कळलं. अंत्यसंस्कारवाल्याचा रीतसर कागद संध्याकाळी यायचा. क्लॅरिसचा शब्द पुरे असायचा. सतरा वर्षं तो एकदाही चुकला नव्हता.

सन अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात लोवेल ब्रेके धान्याच्या कोठारापाशी ट्रकांच्या रांगेत बसल्या जागी गेला. वय एकेचाळीस. पुढचा ट्रक सरकला, हा सरकेना, मागचे भोंगे वाजवत राहिले. तेव्हाचा पास्टर लगेच निघाला. ब्रेकेंचं शेत अकरा मैल. पण वाटेत रेल्वेचं फाटक, आणि हंगामातली धान्याची गाडी रुळावर आडवी, दीड तास हलली नाही. इकडे लोवेलचा बाप गावातच होता, त्याला कोठारावरच सांगितलं. म्हातारा असा, की पोराने कुठलं वाण पेरायचं तेही हाच ठरवणार. त्याने तिथल्या तिथे शुक्रवार ठरवून टाकला. अंत्यसंस्कारवाल्याने बेकरीत फोन लावला. क्लॅरिसने स्टेशनला.

"लोवेल ब्रेके, शुक्रवारी. पंधरा डझन," क्लॅरिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

डेलोरिसला धक्का बसला. लोवेलची बायको आयोन तिची वर्गमैत्रीण. दर गुरुवारी देवघेवीत फोन करणारी, मांजराची पिल्लं फुकट देऊ करणारी, आणि कुणी ती घेईपर्यंत फोन न ठेवणारी. डेलोरिसने विचार केला तो एवढाच, की आयोनला कळून आता तासभर झाला असेल, बिचारी. तिने ऑर्गन नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ वाजू दिला आणि नाव वाचलं.

साडेबाराला शेजारीण, रेडिओवर नाव ऐकून, वाफाळता बटाट्याचा टोप घेऊन ब्रेकेंच्या दारात पोचली. आत टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. आयोन खुर्चीत बसली होती. फ्रीजवरचा रेडिओ बंद होता.

"बस," आयोन म्हणाली. "कॉफी घे."

पास्टर पोचला एक वाजता.

रेडिओ बंद होता. पण कधी बंद केलेला? सकाळपासूनच लावला नव्हता, की ते ऐकून उठून बंद केला? शेजारणीने विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. हे गावच तसं आहे. घर जळालं तरी विचारतील, "थोडं उकडतंय का?" शुक्रवारी तळघरात आयोनने डेलोरिसच्या हातून कॉफीचा कप घेतला, "थँक यू" म्हणाली आणि पुढे गेली. पुढची बत्तीस वर्षं ती दर रविवारी असंच म्हणाली. स्टेशनला मात्र तिने पुन्हा कधीही फोन केला नाही. मांजराची पिल्लं होतच असणार, कुणाला द्यायची ती दिली असतील.

त्या दिवसानंतर डेलोरिस क्लॅरिसच्या शब्दावर विसंबली नाही. प्रत्येक घरी स्वतः फोन करायची आणि घरातल्या बाईशीच बोलायची, बापाशी नाही, दिराशी नाही. फोन लागला नाही तर नाव दुसऱ्या दिवसावर ठेवायची. लोक कुरकुरायचे. एकदा तर लोकांना दफन झाल्यावर नाव ऐकायला मिळालं, आणि ऑरिन तिच्यावर खेकसला. "तुम्ही वाचा मग," ती म्हणाली. 

मर्नाला हे सगळं माहीत होतं, कारण डेलोरिस दर मंगळवारी तिच्याकडे जेवायची आणि तीन-चार महिन्यांतून एकदा तेच म्हणायची. तिने ऐकलं असेल का गं. मर्ना आधी समजूत घालायची, मग विषय बदलायची, शेवटी शेवटी ताटं उचलायला लागायची. तिच्या मते हे म्हणजे खपली काढून काढून बघणं होतं. चूक म्हाताऱ्याची होती, आगगाडीची होती, पावांची होती. हे ती डेलोरिसला पन्नासदा सांगून चुकली होती आणि डेलोरिसने पन्नासदा मान डोलावली होती.

दोन हजार पाचला ऑरिनच्या मुलांनी स्टेशन दूरच्या कुठल्याशा कंपनीला विकलं. खोल्यांना कुलूप लागलं. मनोरा राहिला, आवाज मात्र उपग्रहावरून येऊ लागला. हजार मैलांवरचे पुरुष दिवसभर एकमेकांवर ओरडत असतात, कोण देश बुडवतंय यावर. स्कारलंडमध्ये बर्फामुळे शाळा बंद आहे की नाही हे त्यांना माहीत नसतं. कंपनीच्या नवीन माणसाने डेलोरिसला नीट बसवून सांगितलं की मृतांची नावं ऐकायला तरुण श्रोता थांबत नाही. "थांबतो," ती म्हणाली. "त्याचा बाप असला तर थांबतो." शेवटच्या दिवशी दोनच नावं होती. ती वाचून तिने ऑर्गनची तबकडी पिशवीत घातली आणि जिना उतरली.

मग तिचे डोळे गेले, तेही मधोमध. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. गाडी चालवणं सुटलं. आणि गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी जेवता जेवता तिने काटा खाली ठेवला.

"मला आयोनकडे घेऊन चल."

"कशाला?"

"विचारायचंय."

"बत्तीस वर्षांनी? अगं, ती काय सांगणार आहे? रेडिओ चालू होता म्हणाली तर काय करशील?"

"तर मला कळेल."

"आणि कळून?"

डेलोरिसने मान वळवली. समोर बघताना ती मान तिरकी करायची, त्यामुळे ती मर्नाकडे बघतेय की खिडकीकडे, हे ओळखू यायचं नाही. "माझ्या तोंडून तिला ते कळलं असेल," ती म्हणाली, "तर मला तिच्या शेजारी बसायला हवं होतं. तेव्हा. एवढी वर्षं मी बसले नाही. आता थोडा वेळ बसेन."

यावर मर्नाने म्हटलं की बघू. सप्टेंबरात पुन्हा विषय निघाला तेव्हा बिटाचे ट्रक सुरू झाले होते, रस्त्यावर चिखलाचा थर. बिटाचा हंगाम संपल्यावर जाऊ, असं ठरलं.

डेलोरिस जानेवारीत गेली, झोपेत. तिचं नाव कुठल्याच रेडिओवर वाचलं गेलं नाही.

शुक्रवारी मर्नाने चर्चमध्ये एक पान वाचलं. सायकलवाली बाई, दाढवाला निवेदक, अंड्यांची खोकी. लोक हसले, पास्टर खूश झाला. मग सगळे तळघरात उतरले. आयोन ब्रेके कॉफी ओतायच्या टेबलापाशी उभी होती, एकोणसत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, पण किटली भरलेली तरी हात स्थिर. मर्नाला आयुष्यात आडून बोलता आलं नव्हतं, तेव्हाही आलं नाही. तिने कप पुढे केला आणि विचारलं, "आयोन, त्या दिवशी रेडिओ चालू होता का?"

आयोनने कप भरला. किटली खाली ठेवली. कुठला दिवस हे तिने विचारलं नाही.

"हे तिने विचारायचं होतं," ती म्हणाली. "ती येईल म्हणून वाट बघितली मी. आधी राग होता तेव्हा बघितली, मग राग गेला तरी बघितली. दारात गाडी वाजली की वाटायचं, आली वाटतं."

"मग तू का नाही गेलीस?"

"मी काय म्हणून जाऊ? नवरा माझा गेला होता."

"मला सांग ना. चालू होता?"

"तुला कशाला?" आयोन म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिला सांगितलं असतं. अकरा मैल तर होते."

मागे रांग लागली होती. मर्ना कप घेऊन बाजूला झाली.

घरी येऊन तिने पत्राचा कागद पुन्हा काढला आणि उरलेल्या जागेत मुद्द्याचं लिहिलं. नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. ट्रक संपले होते, रस्ता कोरडा, टाकी भरलेली. दहा वाजता निघायचं ठरलं होतं. मर्ना साडेदहाला पोचली, तीही हे सांगायला, की आज केस कापायची वेळ मिळालीय, ती बाई पुन्हा तीन आठवडे मोकळी नाही, आयोन कुठे पळून जातेय. डेलोरिस दाराजवळच्या खुर्चीत कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या, स्वतः लाटलेल्या बटाट्याच्या पोळ्या होत्या, डोळ्यांनी दिसत नसताना लाटलेल्या, कडा वाकड्या. तिने ते ऐकून घेतलं. उठली, कोट काढला, चाचपून खुंटी शोधली, अडकवला.

"पोळ्या तू घेऊन जा," ती म्हणाली. "पुढच्या मंगळवारी ताज्या करते."

पुढच्या मंगळवारी बर्फ होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी नव्हता.