ट्रक आपोआप चालत नव्हता

हॅचरकाकांशी माझी ओळख झाली ती मी त्यांचा अपमान केला तेव्हा. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असं संपादकांनी मला नम्रपणे सुचवलं. मी तितक्याच नम्रपणे नाही म्हटलं. काकांना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्याबद्दल आजवर सरकारी कागदांवर खोटं बरंच लिहून झालं आहे, निदान आपण तरी खरं लिहू.

२००१ सालची दिवाळी. आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे इथल्या, अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होता आणि जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. हॉलच्या किल्ल्या सांभाळणारे, उंच, ताठ कण्याचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ सकाळपासून खुर्च्या लावत होते. ते मिस्टर हॅचर. पंगत बसायच्या आधी मी त्यांना सांगितलं, "अंकल, तुमचं ताट किचनमध्ये झाकून ठेवलंय, निवांत जेवा." पुरणपोळी, वर तूप, कटाची आमटी, सगळं वाढलं होतं. केवढी मी प्रेमळ, असं मला वाटत होतं! काका "थँक यू, मॅम" म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. कार्यक्रम संपला तेव्हा ताट जसंच्या तसं होतं. मी फणकारले, "काय तोरा आहे बघ!" माझे यजमान संजय म्हणाले, "जाऊ दे ना यार, गोड चालत नसेल त्यांना." विषय तिथेच संपला.

त्या हिवाळ्यात संजयला प्रोजेक्टसाठी दुसऱ्या राज्यात जावं लागलं आणि बर्फातून ड्राइव्ह करायची माझ्यावर वेळ आली. मी नागपूरची. बर्फ पाहिला होता तो फ्रीजरमध्ये. एका शनिवारी चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये माझी गाडी गर्रकन फिरली आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले. काका फावडं टाकून आले, शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "पुन्हा घसरवा." "काय?" मी डोळे पुसले. "घसरवा. घसरल्याशिवाय सावरता कसं येणार? ब्रेक दाबायचा नाही. मागचं चाक जिकडे पळतंय तिकडे स्टिअरिंग वळवायचं." ओळीने सहा शनिवार ते मला घसरवत होते. आज मी कोणत्याही वादळात ऑफिसला पोचते ती त्यांच्यामुळे.

हे कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं. "फ्रान्समध्ये," काका म्हणाले, "लष्कराने शिकवलं." आणि मग तुकड्या-तुकड्यांनी, कधी गिअर बदलता बदलता, त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या महायुद्धात ते ट्रक चालवत होते. त्यांच्या कंपनीतले सगळे ड्रायव्हर काळे, अधिकारी सगळे गोरे. राहायच्या बराकी वेगळ्या, जेवायची जागा वेगळी, जखमींना द्यायचं रक्तसुद्धा वेगळं साठवलेलं. मरण तेवढं सामाईक. एका गावात तोफगोळ्यांचा मारा चालू असताना शाळेच्या इमारतीत गोरे जखमी शिपाई अडकले होते. काकांनी ट्रकमधला माल रस्त्यावर उतरवला आणि ते आत गेले. तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला समोरची काच फुटून त्यांच्या चेहऱ्यात घुसली. तशाच अवस्थेत, एका डोळ्याने बघत, त्यांनी ट्रक बाहेर काढला. त्यांच्या कॅप्टनने पदकाची शिफारस लिहिली आणि त्यांना वाचूनही दाखवली. पुढे काय झालं? जखमींना उचलून ट्रकमध्ये ठेवणाऱ्या दोन गोऱ्या शिपायांना पदकं मिळाली. मिळायलाच हवी होती, ते शूरच होते. पण ट्रक चालवणाऱ्याला काहीच नाही. जणू ट्रक आपोआप जात-येत होता!

परतल्यावर गणवेशातच ते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका स्टेशनवर जेवायला उतरले. आत टेबलांवर जर्मन युद्धकैदी बसून जेवत होते. काकांना सांगण्यात आलं, मागच्या दाराने या, तुमचं ताट किचनमध्ये ठेवलंय.

मी गाडी बाजूला घेतली. मला पुढचं दिसेनासं झालं होतं. मी माफी मागितली तेव्हा काका म्हणाले, "मिस वैशाली, यू डिडन्ट नो. दे न्यू." हा त्यांचा मोठेपणा. पण खरं सांगू? मलाही माहीत होतं. माझ्या आजोळी गड्याचा कप वेगळा असायचा, मागच्या पडवीतल्या कोनाड्यात उपडा ठेवलेला. मी तो लहानपणी रोज पाहिला आणि कधी काही विचारलं नाही. अमेरिकेच्या नावाने बोटं मोडायची तर आधी ती माझ्याकडे वळवायला हवीत.

वळवली. पण म्हणून अमेरिकेला सोडलेलं नाही! काकांनी पदकासाठी आयुष्यभर अर्ज केले होते आणि दर वेळी त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावण्यात आल्या होत्या. मी ती फाइल मागून घेतली. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. आमच्यात कुणी "क्लोज्ड" असा शेरा मारला म्हणून चूक दुरुस्त झाली असं धरत नाहीत. आम्ही ती पुन्हा उघडतो. पहिलं उत्तर आलं, नोंदी आगीत जळल्या. पुन्हा उघडलं. दुसरं उत्तर, त्या वेळच्या अधिकाऱ्याचं पत्र आणा. ते कॅप्टन कधीच वारलेले. त्यांच्या मुलीला दोन वर्षं शोधलं; वडिलांच्या ट्रंकेत शिफारशीची कार्बन कॉपी सापडली. काकांनी तो पातळ कागद खिडकीशी नेऊन वाचला. म्हणाले, "हेच त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. सेम वर्ड्स." कागद पाठवला. उत्तर आलं, कार्बन प्रतीवर सही नाही, सबब ग्राह्य धरता येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेहऱ्यातली काच ग्राह्य आहे का? तिचा व्रण अजून आहे, या आणि बघा! मी पुन्हा उघडलं. सध्या प्रकरण "विचाराधीन" आहे.

काकांना राग येत नाही का? मी विचारलं होतं. म्हणाले, "येतो. पण रागात हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताने ट्रक नीट चालत नाही." मला ट्रक चालवायचा नाही, त्यामुळे मी खुशाल रागावते.

मी आपल्या मंडळावरही रागावले. या ग्रंथाचा विषय निघाला तेव्हा कमिटीत एक सभासद म्हणाले, "माणूस चांगलाच आहे हो, पण आपला कुठे? एक गिफ्ट कार्ड देऊन टाकू." सहा वर्षं ज्यांनी आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाआधी पहाटे हीटर लावला, ज्यांच्याकडे आपली अर्धी मुलं ड्रायव्हिंग शिकली, ते आपले नाहीत? कोणाला काय वाटेल याची पर्वा न करता मी तिथे आवाज चढवला. शेवटी माझी पंधरा वर्षांची ईशा उठली आणि म्हणाली, "ही टॉट मी टू ड्राइव्ह. व्हॉट डिड यू डू?" त्यानंतर ठराव एकमताने पास झाला. ते सभासद आज या ग्रंथाचे सहसंपादक आहेत, हेही नमूद करते.

हॅचरकाका, तुमच्याबरोबरचे किती तरी जण काही न मिळता गेले. त्यांच्यातल्या मोजक्यांना फार उशिरा पदकं मिळाली, आणि ती त्यांच्या नातवंडांना हातात घ्यावी लागली. "मरणोत्तर" हा शब्द या कार्यालयांना फार सोयीचा पडतो. मेलेला माणूस विचारत नाही, इतकी वर्षं कुठे होतात? म्हणून तुम्हाला शतायुषी व्हा अशी नुसती शुभेच्छा देत नाही, हट्ट धरते. जगा. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या, फावडं आता आमच्या हातात द्या. ते पदक घेऊन जो कोणी येईल, त्याने तुमची बेल वाजवावी, दार तुम्ही स्वतः उघडावं, आणि त्याला तुमच्या तोंडाकडे बघून बोलावं लागावं.