खोदायच्या आधी विलासला विचारा

विलास म्हात्रे गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या रोह्याच्या कारखान्यात इंटरनेट बंद होतं. गेटवर भरलेले ट्रक उभे, आणि मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत जो तो मला विचारत होता, 'विलास अजून आला कसा नाही?' मी माल रवाना करण्याचं काम बघतो, शिवाय त्याचा मित्र, म्हणून मला. तो पेणला घरीच, छातीत कळ येऊन सकाळी संपला होता. सांगितल्यावर सगळे हळहळले. मग एकाने विचारलं, 'आता तिकीट कोण टाकणार?' असं विचारणाऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

विलास आमचा आयटीचा प्रमुख. तिरसट, त्यात फुशारकी मारायची खोड. सर्व्हरच्या थंडगार खोलीत चपला-बूट काढल्याशिवाय कुणाला, अगदी डायरेक्टरलाही, पाऊल टाकू द्यायचा नाही. काही बिघडलं की 'चहा घेऊन या' म्हणायचा, आणि आपण परत येईपर्यंत काम चालू झालेलं असायचं. मग सगळं सॉफ्टवेअर ऑनलाइन गेलं. सर्व्हर गेला, हाताखालची माणसं गेली, खोलीत रंगाचे डबे आले. विलास तेवढा राहिला, कारण बिघाड झाला की दूरच्या कुठल्यातरी कंपनीकडे तक्रार नोंदवायला, म्हणजे तिकीट टाकायला, माणूस हवा होता. बदलाला त्याचा विरोध नव्हता हो... मीटिंगमध्ये तो एवढंच म्हणाला, 'हायवेचं खोदकाम संपत नाय. इंटरनेटची केबल तुटली तरी गेटपास नि बिलं इथंच निघतील एवढी सोय ठेवा.' हेड ऑफिसवाल्यांनी मान डोलावली आणि काही ठेवलं नाही.

केबल तुटायची, बोलणी विलासला बसायची. 'माझ्या हातात काय ऱ्हायलंय? तिकीट टाकायचं नि शिव्या खायच्या,' तो एकदा म्हणाला, आणि त्यानंतर त्याने एक वेडेपणा सुरू केला. पेणहून मोटरसायकलवर येताना कासूपासून कोलाडपर्यंत जिथे जेसीबी दिसेल तिथे थांबायचं, ड्रायव्हरला चहा पाजायचा, केबल कुठून जाते ते दाखवायचं आणि आपला नंबर देऊन सांगायचं, 'खोदायच्या आधी मला एक फोन मार.' आयटीचा प्रमुख धूळ खात जेसीबीवाल्यांच्या मागे फिरतो म्हणून ऑफिसात हसायचे. केबल तुटणं खरोखर कमी झालं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. विलासचा मोबाइल त्यांनी अजून चालू ठेवला आहे. 'भावोजी, कोन जेसीबीवाला सारखा फोन करतोय. कोलाडला खोदायचं हाय, वायर कुठशी हाय इचारतोय. काय सांगू?'

मला तरी कुठे माहीत? हेड ऑफिसला फोन लावला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तिकीट टाका. टाकायला बसलो तर ते जमेना; आमच्या कारखान्यातून तो अधिकार अजून एकट्या विलासच्याच नावावर आहे. एवढा संताप मला तो गेला त्या दिवशीही आला नव्हता. शेवटी वहिनींना फोन करून म्हटलं, त्याला जरा थांबायला सांगा.

'तो थांबलाच हाय,' वहिनी म्हणाल्या. 'ते गेले ह्ये मला त्याला सांगवलं नाय, भावोजी. तो म्हनतो, साहेब येईपर्यंत खोदत नाय.'