जाड पाणी

हिरामणला आपण कितपत ओळखत होतो, असा प्रश्न नंदकुमारांना पडला तेव्हा त्याचं उत्तर फार थोडक्यात आटोपलं. सहा वर्षांचा शेजार. मधे एकच भिंत, तीही एका विटेची. पलीकडची शिंक अलीकडे ऐकू यायची. तरी हिरामणचं गाव कोरेगाव तालुक्यातलं की खटाव तालुक्यातलं, हे त्यांना शेवटपर्यंत छातीठोकपणे सांगता आलं नसतं. त्याला भाऊ किती, शाळा कितवीत सुटली, हेही नाही. ज्याच्याबद्दल पुरतं ठाऊक नाही त्याच्याबद्दल बोलू नये, असा नंदकुमारांचा स्वभाव. खरं तर ज्याच्याबद्दल पुरतं ठाऊक होतं त्याच्याबद्दलही ते कधी बोलले नव्हते. पण ते पुढे येईलच.

ठाऊक होतं ते एवढंच. हिरामण तुर्भ्याच्या भाजी मार्केटात माथाडी होता. शंभर किलोचं गाजराचं पोतं पाठीवर घेऊन तो असा चालायचा, की कुणी पाठीवर शाबासकीचा हात ठेवलाय असं वाटावं. नंदकुमार त्याच मार्केटात मापाडी होते. मालाचं वजन करायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, हे त्यांचं काम. तेवढाच आकडा ते जन्मात मोठ्यानं बोलले. निवृत्त झाल्यावर बोलायला आकडेही उरले नाहीत. बायको वारलेली, मुलगा नाशिकला. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या त्या बैठ्या खोलीत ते भिंतीपलीकडचे आवाज ऐकत बसायचे.

पलीकडून आवाज यायचा तो असा : "घे. गीळ. आता आणखी एकदा गीळ. शाब्बास. घे."

हा आवाज दुपारी साडेबाराला सुरू व्हायचा आणि दोन वाजून गेले तरी चालूच असायचा. हिरामणची मुलगी राजनंदिनी. नाव ऐकून राजवाड्यातली वाटावी, अंगानं चिमणीएवढी. दीड वर्षाची झाली तरी तिला धड गिळता येत नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिला पांढरं औषध पाजून गळ्याची फिल्म काढली. तेव्हा कळलं, की पातळ काहीही दिलं की ते पोटात न जाता थेट फुप्फुसात उतरतं. एकदा न्युमोनिया होऊन गेला होता, त्याचं मूळ हेच.

"घशात दोन रस्ते असत्यात काका," हिरामणनं नंदकुमारांना समजावलं होतं. "एक पोटाचा, एक श्वासाचा. मधी फाटक असतं. आमच्या फाटकवाल्याला डुलकी लागती. पाणी पळत येतं, त्यो उठंस्तवर पार निघून जातं. जाड काय असलं की दमानं येतं. तवर त्यो जागा हुतो."

म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं : पाणीसुद्धा जाड करून द्या. गोजरानं, म्हणजे हिरामणच्या बायकोनं, त्यावर आरारूट शोधून काढलं. पाण्यात आरारूट शिजवायचं, गार करायचं, चमचा तिरका धरून बघायचं. धार लागली तर वाया, गोळा पडला तर पास. गोजरा पावण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, दुपारी निघायची. हिरामण पहाटे जाऊन अकराला परत यायचा. त्यामुळे दुपारची पाळी त्याची. टेंपोभर माल तासाभरात रिकामा करणारा माणूस एका वाटीला दीड तास लावायचा. पोरीला ताठ बसवायची, हनुवटी खाली, अर्धा चमचा, मग गळ्याकडे नजर. गळा एकदा हलला, दुसऱ्यांदा हलला, की पुढचा चमचा. एवढं करून पोरीला उचलून वजन सांगायचा, "पावणेआठ."

नंदकुमारांना हे झोंबलं. आयुष्यभर वजन केलेला माणूस शेजारी बसलेला असताना हमालानं अंदाज सांगावा? त्यांनी एकदा मुद्दाम पोरीला मेडिकलवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिलं. सात किलो साडेसातशे. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आता एवढी सोपी गोष्ट, पण वसाहतीला ती पचली नाही. "पोरगी जाड पाणी पिती" हे वाक्य तिसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत "पोरगी जड पाणी पिते" असं झालं. तिथे एकाचा मेहुणा ट्रॉम्ब्याला नोकरीला होता. त्यानं डोळे विस्फारून सांगितलं, जड पाणी अणुभट्टीत वापरतात. झालं. आठवडाभर त्या गल्लीतली पोरं हिरामणच्या दारावरून जाताना श्वास रोखून पळायची. हिरामणच्या टोळीचा मुकादम कोंडिबा, जो वसाहतीच्या मित्रमंडळाचा अध्यक्षही होता, त्यानं हिरामणला बाजूला घेऊन विचारलं, "सरकारी मालाला हात तर न्हाई ना लावलास?"

समोरच्या शेवंताबाईंना मात्र अणूशी देणंघेणं नव्हतं. त्या ओट्यावर उभ्या राहून सरळ विचारायच्या, "आरं, वैऱ्यालाबी पाण्याला न्हाई म्हणू नये. पोटच्या पोरीला पाण्याविना मारतोस व्हय रं?"

"मावशी, पाणीच देतोय. घट्ट हाय एवढंच."

"घट्ट पाणी! उद्या म्हणशील, कडक दूध. तुमचा डाक्टर शिकलाय कुठं?"

आता जे सांगायचं ते नंदकुमारांना जड जातं.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी हिरामण रॉकेलच्या रांगेत गेला. जाताना म्हणाला, "काका, पंधरा मिण्टं बसता का हिच्यापाशी? खायाला काय देऊ नगा." नंदकुमार बसले. हातात पाण्याचा पेला होता, घामानं जीव नकोसा झाला होता. पोरीनं पेल्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि बोट दाखवून म्हणाली, "पा."

तिचा तो पहिला शब्द असावा. निदान नंदकुमारांशी इतक्या स्पष्टपणे कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं. खायला देऊ नका म्हणाला होता, पाणी म्हणजे काही खाणं नव्हे, असा बारीक कायदा त्यांनी मनात काढला. दोन घोट पाजले. पोरगी खोकलीसुद्धा नाही. ओठ पुसून हसली. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात, असं नंदकुमारांना वाटलं, आणि हिरामण परतल्यावर ते काहीतरी चांगलं काम केल्यासारखे घरी गेले.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. अकरा दिवस पोरगी हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी सोडताना सांगितलं, तिसऱ्यांदा आणायची वेळ येऊ देऊ नका, ही छाती तेवढं सोसणार नाही.

कुणीतरी पाजलं, हे उघड होतं. कुणी, हे वसाहतीनं चहा निवायच्या आत ठरवलं : शेवंताबाई. ज्या बाईनं पोरीला पाणी द्या म्हणून तोंड उघडून सांगितलं, ती सोडून दुसरं कोण असणार? शेवंताबाईंनी भरल्या ताटावर हात ठेवून शपथ घेतली. नंदकुमार तिथेच उभे होते. ते आपल्या चपलेचा अंगठा बघत होते. अंगठा शिवायला झाला होता. तो विचार त्यांनी बराच वेळ केला.

पुढच्या उन्हाळ्यात कोंडिबा मुकादमानं पाणपोई काढली. वसाहतीला नळाचं पाणी दिवसाआड, तेही तासभर. त्यामुळे पाणपोईचं पाणी टँकरनं यायचं होतं आणि टँकर येईल तेव्हा यायचा होता. पण फलक वेळेवर आला. 'कै. रंगूबाई यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरं हातभर, खाली मुकादमाचा फोटो. रंगूबाई म्हणजे त्याची आई, तिचा फोटो नव्हता. निवडणुकीला तिला उभं राहायचं नव्हतं.

आदल्या दिवशी मुकादम हिरामणच्या दारात आला. "तुझी पोरगी पायजे उद्या. चालतीबोलती, सगळ्यात धाकटी. पहिला घोट तिच्या मुखी. वाशीवरनं फोटोग्राफर बोलावलाय."

"मुकादम, तिला पाणी चालत न्हाई."

"मग काय डिझेल चालतं?"

मागची माणसं हसली. हिरामणही हसला, मुकादमापुढे हसावंच लागतं. मग म्हणाला, "डाक्टरनं सांगितलंय, जिवावर बेतंल."

"आरं, माझ्या आयेच्या नावाचं पाणी हाय. त्यानं कुणाला बाधंल व्हय? का माझी आय वाईट हुती?"

शेवटी असं ठरलं, की ग्लास नुसता ओठाला लावायचा. हिरामणनं तरी सकाळी आरारूट शिजवून वाटी सोबत घेतली. "मुकादम, फोटोपुरतं ह्यातलं घाला."

मुकादमानं वाटी तिरकी करून बघितली. गोळा पडला. "लोकं म्हणतील, कोंडिबानं पाणपोई म्हणून खळ वाटली. ठेव ती तिकडं."

कुणाच्या तरी अतिउत्साहात रांजण तिवईवर ठेवण्याआधीच भरला गेला होता. आता तो उचलणार कोण? हिरामण. पोरीला मुकादमानं कडेवर घेतलं, हिरामणनं भरल्या रांजणाला मिठी मारून तो छातीशी उचलला, आणि नेमका त्याच वेळी फोटोग्राफर ओरडला, "साहेब, ऊन चाललंय, घ्या लवकर!"

मुकादमानं स्टीलचा ग्लास भरून पोरीच्या ओठांशी नेला. पोरीनं तोंड उघडलं. "पा," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून मुकादम विरघळला आणि त्यानं ग्लास तिरका केला.

"मुकादम, नगं!" हिरामण रांजणाआडून ओरडला. खाली पोरं बसली होती, रांजण टाकायची सोय नव्हती.

नंदकुमार दुसऱ्या रांगेत होते. ते कधी पुढे गेले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी मुकादमाच्या हातातला ग्लास हिसकावला. आता सभ्य माणसानं इथे दोन शब्द बोलायचे असतात. नंदकुमारांना शब्द सुचले नाहीत. शंभर माणसं बघत होती, हातात भरलेला ग्लास होता. त्यांनी तो तोंडाला लावला आणि गटागटा पिऊन टाकला. फ्लॅश तेवढ्यात उडाला.

मांडवात एक जण फिसकन हसला आणि बांध फुटला.

"काका," मुकादम दात आवळून म्हणाला, "पिंप भरून घरी पाठवू का?"

"नको," नंदकुमार म्हणाले. "भागली."

तो फोटो एका स्थानिक साप्ताहिकात आला : मुकादमाच्या कडेवर आ वासलेली पोरगी, समोर डोळे मिटून पाणी पिणारा म्हातारा, खाली 'पाणपोईचा पहिला लाभार्थी'. मंडळानं निषेधाचा ठराव केला. ज्येष्ठांनी संयम पाळावा, अशी त्यात सूचना होती. ठरावाची प्रत नंदकुमारांच्या दारावर चिकटवली, खळ लावून.

पाणपोईच्या दिवशीच संध्याकाळी हिरामण पोरीला खांद्यावर घेऊन आला. उंबऱ्यातच बसला.

"काका, तहान लागली हुती व्हय?"

"हो."

"लई?"

"लई."

त्यानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग उठताना, बाहेर बघत, म्हणाला, "शेवंतामावशी खोटी शपथ घ्यायची न्हाई." आणि गेला. नंदकुमार त्या रात्री जेवले नाहीत.

म्हाताऱ्यावर हात उचलता येत नाही, म्हणून मुकादमानं हिशेब हिरामणशी चुकता केला. 'टोळीत माणसं कमी पडत्यात' असं म्हणून त्याला भाजीतून काढून धान्य मार्केटात घातलं. तिथे काम सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. दुपारी बारा ते रात्री आठ गोजरा कंपनीत. दुपारच्या चमच्याला माणूस उरला नाही. शेवंताबाई म्हणाल्या, "मी भरवीन की, पाण्याला हात लावणार न्हाई." पण वसाहतीनं लगेच भुवया उंचावल्या आणि बाई गप्प बसल्या. नंदकुमार भरवू शकले असते. ते रिकामेच होते. आपण पुढे व्हावं असं त्यांच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. आपल्या हाती चमचा द्यावा असं त्यांना स्वतःलाच वाटेना.

गोजराची आई पुण्याला मार्केट यार्डाजवळ राहायची. हिरामणनं महिन्याभरात तिकडच्या मार्केटात कामाची खटपट केली आणि बिऱ्हाड हलवायचं ठरलं. पुढं शेवंताबाईंकडूनच कधीतरी कळलं, की पोरगी चौथ्या वर्षी साधं पाणी प्यायला लागली, आणि पहिल्या दिवशी आजीचा आख्खा तांब्या संपवला. ही बातमी सांगताना शेवंताबाई रडल्या. नंदकुमारांनी तेव्हा त्यांना सांगून टाकलं, की पोरीला पाणी पाजणारा मी होतो. शेवंताबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला ठाव हुतं. पण तुम्ही आधीच एवढंसं तोंड करून फिरत हुता."

पण पुण्याचा टेंपो निघाला त्या दिवशी हे सगळं अजून व्हायचं होतं. सामान थोडंच होतं : पत्र्याची ट्रंक, गाद्या, स्टोव्ह. गोजरा पोरीला घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. नंदकुमारांनी तीन दिवस एक वाक्य घोकून ठेवलं होतं. 'हिरामण, त्या दुपारी मी तिला पाणी दिलं.' सात शब्द. ते दारात उभे राहिले. हिरामणनं मागची फळी लावली, साखळी अडकवली, आणि हात झटकत त्यांच्याकडे आला.

"काका, जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलतं?"

"मेथी. आणि भात."

"भाकरी न्हाई?"

"पीठ संपलंय. संध्याकाळी आणीन."

"आणा," हिरामण म्हणाला, आणि टेंपोत चढला.