एकच बाई आणि बर्फाचा प्रयोग

शाळेत त्यांना सगळे 'एकच बाई' म्हणत. विज्ञानाच्या तासाला त्यांचं पालुपद ठरलेलं असे : "एकच गोष्ट बदला, एकच! बाकी सगळं जसंच्या तसं!" मुलं मागून हुबेहूब नक्कल करत आणि ती कानावर पडली की बाईही हसत.

सातवीला त्यांची स्वतःची लेक त्यांच्याच वर्गात आली आणि बाईंचं हसू आटलं. लेकीने हात वर केला की त्यांची नजर दुसऱ्या बाकाकडे वळायची. शिक्षकांच्या खोलीत कुणी बोट दाखवू नये, एवढाच त्यांना घोर. नवरा म्हणायचा, "अगं, लोक बोलतात तसे विसरतातही." पण बाईंच्या मनातून ते जाईना.

त्या वर्षी शाळाशाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि वर्गातून एकच प्रयोग पाठवायचा होता. बर्फ कशात गुंडाळला तर जास्त टिकतो, हे लेकीला शोधायचं होतं. सारख्या वाट्यांत तिने बर्फ लावला आणि लाकडाचा भुसा, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड अशी तीन वेष्टनं केली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडामांड झाली. बर्फ निम्मा वितळल्यावर ती एकदम ओरडली, "आई, लोकरीला शेगडीची धग लागतेय! हा तर चक्क अन्याय!" कुणी न सांगता तिने सगळं ओतून दिलं आणि नव्याने बर्फ लावला. बाईंचा ऊर भरून आला. शाबासकी मात्र ओठांवरच राहिली.

दुसरा प्रयोग पाववाल्याच्या मुलीचा होता. खत घातलेलं रोप तिने खिडकीत ठेवलं होतं आणि बिनखताचं कपाटामागे. खिडकीतलं रोप तरारलं होतं. श्रेय खताचं की उन्हाचं, हे कोण सांगणार? बाईंना ती चूक पहिल्याच नजरेत दिसली. दुरुस्त करायला वेळही होता. पण आता शंका काढली तर लोक म्हणतील, लेकीसाठी रस्ता मोकळा केला. त्या गप्प बसल्या आणि रोपांचं नाव पाठवून मोकळ्या झाल्या.

प्रदर्शनात परीक्षकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बेटा, तू जागाही बदललीस आणि खतही. मग फरक कशाने पडला?" पोरीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. ती हुंदके देत बाहेर पळाली.

लेक प्रेक्षकांतच होती. घरी आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "तूच सांग आई, मी तुझी मुलगी नसते, बाकी सगळं हेच असतं, तर कुणाला पाठवलं असतंस?"

"तुला कळायचं नाही ते," बाई म्हणाल्या. पण तिला सगळं कळलं होतं.

पुढे लेकीने विज्ञान सोडलं. भाषा घेतली आणि त्यात ती चांगली रमलीही. बाईंशी ती कधी वाकडं बोलली नाही, पण काही विचारायचं झालं तर बाबांनाच विचारायची.

निवृत्तीनंतर बाई काही दिवस तिच्याकडे शहरात राहायला गेल्या. एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना त्यांनी एकदाचं तोंड उघडलं. "तुझा प्रयोग चोख होता गं. मीच भ्याले."

लेकीने चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "माझं जाऊ दे, आई. माझ्याकडे निदान बाबा होते. त्या पोरीने तुझ्याकडे पाहिलं, तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. मला राग त्याचा आला होता."

गावी परतल्यावर बाईंनी पाववाल्याची चौकशी केली. दुकान केव्हाच बंद झालं होतं, माणसं कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या शिंप्याने विचारलं, "काही निरोप होता का?"

"होता," बाई म्हणाल्या, आणि पायरीवर जरा टेकल्या.