ताट वेगळं वाढायचं नाही

विमलताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, तेव्हा गौरवग्रंथासाठी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं समितीने मला सांगितलं आहे. लिहिते. पण या बाईंनी मला जितका वैताग दिला तितका सख्ख्या सासूनेही दिला नाही, हे आधी सांगून टाकते.

धाड गावच्या सरकारी दवाखान्यात मी नवी परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा ताई तिथल्या मोठ्या सिस्टर होत्या. ओळखपाळख व्हायच्या आधीच त्यांनी माझा डबा उघडला. आत पोळी आणि बटाटे. "हिरवं काहीच नाही? काऊन, मेथी रुसली का तुह्यावर?" मला संतापच आला. दुसऱ्या दिवसापासून डब्यात पालेभाजी येऊ लागली, कारण ताई रोज झाकण उचलून पाहत.

साखरेच्या रोग्याला पथ्याचा कागद देऊन मोकळं होणं त्यांना कधी जमलं नाही. कागदामागोमाग त्या स्वतः त्याच्या घरी जात. माझ्या सासऱ्यांना साखर निघाली तेव्हा आमच्याकडेही आल्या, न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी. आबांपुढे भाकर आणि अळणी दोडकं होतं; आम्ही बाकीचे शिरा-पुरी खात होतो. पथ्य काटेकोर पाळल्याचा मला केवढा अभिमान! ताईंनी सगळ्यांची ताटं पाहिली.

"काऊन वं, आबाले वाळीत टाकलं का? हा माणूस बाजारात चोरून जिलबी खाईन नाही तर काय करीन?"

आबांनी मान खाली घातली. बाजाराच्या दिवशी ते जिलबी खातच होते.

त्या दिवसापासून ताईंच्या हुकमाने घरात सगळ्यांना एकच स्वयंपाक. साखरेचा डबा माळ्यावर गेला आणि पाहुण्यांनाही चहा बिनसाखरेचा. आमच्याकडे अगोड चहा म्हणजे पाहुण्याचा अपमान. माझे मामा कितीतरी दिवस फिरकले नाहीत. मुलं कुरकुरली, मीही कुरकुरले. बाजाराची पिशवी ताईंनी आबांच्याच हाती दिली. "भाजी आबाच निवडतीन," म्हणाल्या. मग आबा शेपू-चवळीवरून भाजीवाल्यांशी हुज्जत घालू लागले आणि आपण निवडून आणलेलं चवीनं खाऊ लागले. जिलबी सुटली, साखर आटोक्यात आली. ताईंवर चिडावं की त्यांच्या पाया पडावं, मला कळेना.

मागच्या महिन्यात या लेखासाठी माहिती विचारायला त्यांच्या घरी गेले. त्यांना स्वतःलाही आता साखर आहे, आणि यजमान गेल्यापासून त्या एकट्या राहतात. भर दुपारी चहात टोस्ट बुडवून खात होत्या. चूल थंड.

"एकटीसाठी काय रांधू? भूकच लागत नाही मले."

जन्मभर गावाला जेवायला शिकवलं आणि स्वतःचं हे! माझा तोल सुटला.

"काऊन ताई, आता सोतालेच वाळीत टाकलं का?"

ताईंनी हातातला टोस्ट बशीत ठेवला. ते पाहून मला रडू आलं.

घरी येऊन सांगितलं तर आबा भडकले. तेव्हापासून ताई आल्याशिवाय ते ताटाला हात लावत नाहीत. साखरेची गोळी घेणाऱ्या माणसाला उपाशी ठेवता येत नाही, हे ताईंइतकं कोणाला ठाऊक? म्हणून त्या रोज येतात. "म्हातारा लय हट्टी हाय," असं पुटपुटत दारात चपला काढतात आणि आमच्यासोबत पोटभर जेवतात.

ताईंना निरामय दीर्घायुष्य लाभो. शंभरीचा लेखही मीच लिहीन. तोवर त्यांनी फक्त वेळेवर यावं. आत्ताही आबा दाराकडे डोळे लावून बसले आहेत आणि इकडे भाकरी निवते आहे.