गुदमरलेला माड

मी गाड्यांच्या इंजिनांचं तापमान सांभाळणारा इंजिनिअर आहे. कुठला भाग किती तापेल आणि किती वेळात निवेल, हे सांगण्यासाठी कंपनी मला ठेवून आहे. त्यामुळे जर्मनीत कार्ल्सरूहेजवळ आम्ही छोटं घर घेतलं आणि मागच्या अंगणात पामचं झाड लावलं, तेव्हा ते हिवाळ्यातून तारून न्यायला माझ्याहून लायक माणूस साऱ्या गल्लीत नसेल, असं मला मनापासून वाटत होतं. बायको कोकणातली, तिच्या माहेरी नारळाचं आगर. म्हणून आम्ही त्या पामला पहिल्या दिवसापासून माडच म्हणायचो.

रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितलं होतं, "थोडं हिव हा सोसतो. पण आठवडाभर कडक गोठलं तर काळजी घ्या." मी काळजी घेतली. पार्सलात येतं ते फुगेवालं प्लास्टिक आणलं, झाडाची मापं घेतली आणि उष्णता किती बाहेर जाईल याचा चक्क एक्सेल तक्ता केला. मग झावळ्या गोळा करून बांधल्या, त्यांच्याभोवती दिव्यांची माळ गुंडाळली, वरून प्लास्टिकचे तीन थर दिले आणि प्रत्येक फट टेपने बंद केली. डोक्यावरची तर दोनदा केली.

कुंपणापलीकडे आमच्या शेजारीण आजी उभ्या होत्या. त्या सगळी हयात नगरपालिकेच्या बागांमध्ये माळीकाम करून निवृत्त झालेल्या.

"आणि हवा?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना उष्णतारोधनाबद्दल जर्मनमध्ये दहा मिनिटं सांगितलं. त्या भाषेत आपण इतकं सलग बोलू शकतो, याचाच मला इतका आनंद झाला की त्यांचा प्रश्न काय होता ते मी विसरलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे तुम्ही इंजिनिअर आहात." मी त्यांचे आभार मानले.

डिसेंबरात पहिलं कडक हिव पडलं. मी दिवे लावले. आजी पुन्हा कुंपणाशी आल्या, "ख्रिसमससाठी का?"

"नाही, झाडाला ऊब मिळावी म्हणून."

माळेचं एक टोक प्लगपर्यंत बाहेर आलेलं होतं. आजींनी हातमोजा काढून त्यातला एक दिवा चिमटीत धरला. थोडा वेळ धरूनच ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या, "काल्ट." थंड.

एलईडीची माळ होती ती. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे दिवे तापत नाहीत, आणि ते वाचूनच, चांगला माल म्हणून, मी ती घेतली होती. उष्णतेवर पोट भरणाऱ्या माणसाने. मी आजींना म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर, ही फक्त पहिली पायरी आहे." त्या आत गेल्यावर मी प्लास्टिकबाहेरचा एकेक दिवा हातात धरून पाहिला. एखादा तरी कोमट निघेल असं वाटत होतं.

तेव्हाच सगळं सोडून नीट बांधायला हवं होतं. पण त्यासाठी तीन थर उलगडावे लागले असते, आणि आजींच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी आमच्या अंगणावर उघडते. मी दिवे तसेच चालू ठेवले.

आमच्याकडे कुंडीतलं एक लिंबाचं झाडही होतं. माझा सगळा जीव माडात असल्याने त्याचं मी काहीच केलं नाही. बायकोने कुंडी भिंतीलगत सरकवली, खाली फळी घातली, भोवती गोणपाट गुंडाळलं आणि झाडावर बागेतलं पातळ पांढरं कापड टाकलं. "एवढ्याने काय होणार?" असं मी तिला म्हणालो होतो. लिंबाची पानंसुद्धा गळली नाहीत.

मार्चमध्ये मी माडाचं प्लास्टिक फाडलं. आतून पाणी ओघळलं आणि सडक्या भाजीसारखा वास आला. मधली मिटलेली पात मी नुसती धरली, तर ती मुळातून सुटून हातातच आली. आमच्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मनच. ती शेजारी उभी राहून म्हणाली, "पापा, डी इस्ट टोट." मेली म्हणे.

मी सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि ती पात कॅमेऱ्यासमोर धरली.

"कोंब कुजलाय," ते म्हणाले. "बांधताना हवेला जागा ठेवली होतीत?"

"अहो बाबा, इथे थंडी फार असते..."

"थंडीने नाही गेला तो, जावईबापू. गुदमरला. कुजलेलं सगळं कापून काढा, तांब्याचं औषध घाला आणि वरून पाऊस लागू देऊ नका."

तांब्याचं औषध आजी त्यांच्या द्राक्षवेलीवर मारत. म्हणजे त्यांच्या दारात जाणं आलं. कबुलीचं जर्मन वाक्य मी घरी चार वेळा म्हणून पाहिलं आणि बेल वाजवली. "मी सांगितलं होतं" असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि औषधाची बाटली माझ्या हातात न देता स्वतःच घेऊन आल्या.

जुलैत नवी पात आली. शेंड्याला कात्रीने छाटल्यासारखी, पण हिरवीगार.

पुढच्या शरदात सासरे तीन महिने आमच्याकडे राहायला आले. त्यांनी आणि आजींनी मिळून माड बांधला. दोघांत एकही भाषा सामाईक नव्हती. बुंध्याशी वाळक्या पानांचा ढीग, झावळ्या सुतळीने वर, आणि पांढरं कापड फक्त कडक हिवाच्या दिवसांपुरतं, हे त्यांचं हातवाऱ्यांनीच ठरलं. मी शिडी धरली. मध्ये एकदा काही सुचवायला गेलो, तेव्हा दोघांनी एकदमच "नको" असा हात केला.

सासरे परत गेल्यावर ऊन पडलं की कापड काढायचं काम माझ्याकडे आलं. ते दर रविवारी फोन करून विचारतात, "काढलंत का?"

"काढलं, बाबा," असं मी म्हणतो, आणि फोन कानाला तसाच लावून चपला शोधायला लागतो.